सहावा अभ्रा

आमच्या भिंगरीला हल्ली काही विचारायची सोय राहिलेली नाही. ही पोरगी उत्तरच देत नाही. म्हणजे देते, पण आधी थांबते. डोळे एका जागी लावते, श्वास घेते, ओठ उघडते, मिटते, आणि मग म्हणते, "हो." एवढ्या एका 'हो'साठी समोरच्यानं उभ्या उभ्या म्हातारं व्हायचं का?

त्या दिवशी मी विचारलं, "मागचं दार लावलंस का गं?"

ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी. माझ्याकडे नुसती बघतेय.

"अगं, दाराचं विचारलंय. लग्नाला होकार नाही मागत!"

"लावलंय."

"मग एवढं सांगायला काय झालं होतं? जीभ इस्त्रीखाली सापडली का?"

आत भांडी लावता लावता सूनबाई हसली. "आई, नाटकाचं आहे ते. तिच्या सरांनी सांगितलंय."

"सर म्हणाले," भिंगरी म्हणाली, आणि या वेळी मात्र भराभरा, "साक्षीदार उत्तर देण्याआधी थांबतो. मनात तीन आकडे मोजायचे. प्रेक्षक तिथं श्वास धरतात. घरी सवय केली तरच स्टेजवर जमेल."

"मग तुझ्या सरांना जाऊन सांग," मी म्हणाले, "मी थांबले नव्हते."

दोघी हसल्या. मला हसायला आलं नाही.

भिंगरी हे तिचं खरं नाव नाही. लहानपणी एका जागी बसत नसे आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत असे, म्हणून मीच ते नाव ठेवलं. सगळे म्हणायचे, अगदी आजीवर गेलीय. मला ते ऐकायला बरं वाटायचं. आता कॉलेजात गेली आणि नाटकात मी झालीय. मी, नऊ वर्षांची.

त्याचं असं झालं. कॉलेजात दर वर्षी एक मोठं नाटक होतं. यंदा नाटकाच्या सरांना कोर्टाच्या जुन्या दप्तरात एक खटला सापडला. अडुसष्ट वर्षांपूर्वीचा, आमच्याच गावचा. त्यांनी त्यावर नाटक लिहिलं आणि गावभर पत्रकं लावली: 'ऐतिहासिक नाटक'. मी जिती-जागती, दोन्ही वेळ जेवणारी, रोज शंभर कपडे तपासणारी बाई, आणि यांनी मला इतिहासात जमा केलं.

खटला असा होता. गोदामाचा रखवालदार पहाटे मरून पडलेला सापडला. कुणीतरी उशीच्या अभ्र्यात दगड घालून तो त्याच्या डोक्यात मारला होता. दगड तिथंच, अभ्राही तिथंच. अभ्र्याच्या कोपऱ्यात, शिवणीत, दोऱ्याचे तीन टाके होते. दोन तांबडे, एक निळा. ती लाँड्रीची खूण. आमच्या लाँड्रीची.

तेव्हा कपड्याला चिठ्ठी टोचायची पद्धत नव्हती. भट्टीत चिठ्ठी टिकायची नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची तीन टाक्यांची खूण असे. कुणाचे तिन्ही पिवळे, कुणाचे दोन काळे नि एक हिरवा. नवा कपडा आला की आधी खूण, मग पाणी. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण शंभरावर घरं तिनं अशी दोऱ्यांनी डोक्यात ओवून ठेवली होती. पोलीस अभ्रा घेऊन आले तेव्हा वडिलांनी बघताक्षणी सांगितलं, दोन तांबडे एक निळा म्हणजे समोरचा घड्याळजी. आणि घड्याळजीचं दोनच दिवसांपूर्वी त्या रखवालदाराशी भर रस्त्यात भांडण झालेलं. रखवालदार म्हणत होता, तू माझ्या घड्याळातलं चाक बदललंस. झालं. पोलिसांना आणखी काय लागतं?

कोर्टानं विचारलं, टाके कोण घालतं? आई तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. तिच्या हाताखाली टाके शिकलेली मीच, मग मला नेलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून माझं नाकसुद्धा वर येईना, म्हणून कुणीतरी स्टूल आणून दिलं. मी खूण ओळखली. तेव्हा घड्याळजीच्या वकिलानं मला विचारलं, "बाळ, इतक्या घरांच्या इतक्या खुणा. एखादी चुकत असेल की नाही?"

मी म्हणाले, "आमच्या घरची खूण चुकत नाही."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. महिन्याभरात वडिलांनी ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं. आज तिथं तीन मोठी यंत्रं आहेत, माझा मुलगा दुकान बघतो, पाटी विजेवर उजळते, आणि वाक्य तेच आहे: 'आमच्या घरची खूण चुकत नाही.' वर्तमानपत्राचं ते कात्रण मुलानं चौकटीत बसवून गल्ल्यामागे लावलंय. नवं गिऱ्हाईक आलं की तो सांगतो, "ही आमची आई. नऊ वर्षांची होती. भरल्या कोर्टात वकिलाचं तोंड बंद केलं होतं तिनं."

घड्याळजीला फाशी झाली. हे मुलगा सांगत नाही. विचारलं तर सांगतो.

सर घरी आले तेव्हा हात जोडून म्हणाले, "आजी, तुमचं वाक्य म्हणजे आमच्या नाटकाचा प्राण आहे. प्रयोगाला तुम्ही खास पाहुण्या. आम्ही तुम्हाला स्टेजवर बोलावणार, दोन शब्द बोलायचे." मुलानं माझ्या वतीनं होकार देऊन टाकला. त्या दिवसापासून घरात दिवसभर माझंच वाक्य ऐकू यायला लागलं. न्हाणीघरातून, गच्चीवरून, आरशासमोरून. कधी हळू, कधी ठसक्यात. "आमच्या घरची खूण चुकत नाही." थांबून. "आमच्या घरची खूण... चुकत नाही." मी कानावर उशी घेऊन पडायचे, आणि मग त्या उशीचा अभ्रा गालाला लागायचा.

कारण खूण चुकली होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, वडिलांना नाही, नवऱ्याला तर नाहीच. तो बिचारा पाटीकडे बघून छाती फुगवायचा. आई आजारी पडली त्या महिन्यात लॉजवाल्याकडून सहा नवे अभ्रे आले. लॉजची खूण घड्याळजीच्या उलटी, दोन निळे एक तांबडा. वडील म्हणाले, तू घाल, आता मोठी झालीस. मी पाच घातले. सहाव्याला निळ्या दोऱ्याचं रीळ संपलं. उरला तो एका टाक्यापुरता. मग मी दोन तांबडे घातले आणि एक निळा. मनात म्हटलं, एकच तर आहे. नवं रीळ आलं की उसवून नीट करू. आणि खेळायला पळाले. नवं रीळ आलं तेव्हा मला त्याची आठवणही राहिली नव्हती.

ती आली कोर्टात. कारकुनानं अभ्रा माझ्या हातात दिला. मी कोपरा उलटला. माझी आई टाका संपवताना गाठ शिवणीच्या आत सरकवायची, हाताला लागायचीसुद्धा नाही. मला ते तेव्हा जमत नसे. माझी गाठ बाहेर राहायची, मोहरीच्या दाण्याएवढी. त्या अभ्र्याची गाठ बाहेर होती. आणि घड्याळजीच्या कपड्यांवर मी आयुष्यात एक टाका घातला नव्हता. त्याचे सगळे कपडे जुने, सगळ्या खुणा आईच्या.

म्हणजे अभ्रा लॉजचा. लॉजमध्ये वीस माणसं राहायची, त्यातली निम्मी एका आठवड्याची. मला हे सगळं त्या क्षणी कळलं. नऊ वर्षांच्या मुलीला काय कळतंय, असं कुणी म्हणेल. कळतं.

मला कुणी पढवलं नव्हतं. कुणी धमकावलं नव्हतं. वकिलानं 'चुकत असेल की नाही' विचारलं तेव्हा मागच्या बाकांवरची माणसं हसली. स्टुलावर उभी राहिलेली एवढीशी पोर बघून हसली असतील. मला त्या हसण्याचा राग आला. बस, एवढंच. तोंडातून शब्द गेले, न्यायाधीशांनी मान डोलावून ते लिहून घेतले, आणि हसणारी माणसं गप्प झाली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

घरी आले तर फळीवर घड्याळजीचं गाठोडं होतं. पकडायच्या आधी तो कपडे टाकून गेला होता. दोन सदरे, एक चादर, एक अभ्रा. धुऊन, इस्त्री करून, न नेलेले. आमच्या धंद्यात न नेलेला कपडा टाकत नाहीत, विकत नाहीत, अंगाला लावत नाहीत. मालक कधीही येऊ शकतो. वडिलांनी ते गाठोडं वरच्या फळीवर सरकवलं. त्यांनी त्यातल्या टाक्यांच्या गाठी बघितल्या होत्या की नाही, मी कधी विचारलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही. ते गेल्यावर दुकान आणि गाठोडं, दोन्ही माझ्याकडे आलं. वर्षातून एकदा मी ते सोडते, धुते, इस्त्री करते, पुन्हा बांधते. सूनबाईला वाटतं, माझ्या माहेरचे कपडे आहेत.

आणि त्या दिवसापासून आजपर्यंत दुकानातून बाहेर पडणारा एकही कपडा मी हातानं चाचपल्याशिवाय जाऊ दिलेला नाही. आता यंत्रावर नंबर छापतात, तरी मी कोपरे उलटते. मुलगा गिऱ्हाइकांना सांगतो, "आईची निष्ठा." लोक कौतुकानं बघतात. मी कोपरे उलटत राहते.

*

प्रयोगाला आठवडा राहिला होता. दुपारची वेळ, मुलगा जेवायला गेलेला, दुकानात मी एकटी. कॉलेजच्या नाटकाचे कपडे इस्त्रीला आमच्याकडेच येतात. न्यायाधीशांचा झगा मी नुकता खुंटीवर टांगला होता. दारात सावली पडली. वर बघते तर उंच, बारीक, खांद्यात थोडा वाकलेला माणूस, आणि उजव्या डोळ्याला घड्याळजीचं काळं भिंग.

माझा हात इस्त्रीवरच राहिला.

"आजी, ओळखलं नाही का? मी घड्याळजी."

"भिंग काढ आधी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

त्यानं भिंग काढलं. खाली विशीतला पोरगा निघाला, मिशी फुटते न फुटते. "सॉरी आजी. सवय व्हावी म्हणून घालून फिरतोय."

"तुम्हा सगळ्यांना कसल्या कसल्या सवयी करायच्यात रे? ती एक तिकडं मुकी झालीय, तू इकडं आंधळा झालास. कोट आण."

त्यानं कोट दिला. मी तो पसरला, पाणी शिंपडलं. तो घुटमळला. "आजी, एक विचारू? सर म्हणतात, तुम्ही ते वाक्य म्हणता तेव्हा घड्याळजी तुमच्याकडे रागानं बघतो. मला ते आतून येत नाही. तुम्ही तर समोर होतात. त्यानं खरंच काय केलं?"

अडुसष्ट वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं ते मी काय म्हणाले.

"मान हलवली," मी म्हणाले.

"नाही म्हणून?"

"पटलं म्हणून."

मी बाहीवर इस्त्री ठेवली आणि बोलत गेले. "त्याचं दुकान आमच्या समोर. मी शाळेत फार गेले नाही, त्याच्याकडेच बसायचे. घड्याळ उघडून तो चाकं दाखवायचा. म्हणायचा, तुझ्या आईचा टाका आणि माझं चाक, दोन्हीत केसाइतका फरक चालायचा नाही. आम्ही दोघं एका जातीचे कारागीर. कोर्टात त्याला विचारलं ना, हा अभ्रा तुझा का, तर तो काय म्हणाला माहितीय? म्हणाला, त्या घरची खूण आहे म्हणजे माझाच असणार. कुणी वाळत घातलेला नेला असेल. मी मात्र तिथं नव्हतो. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला."

"म्हणजे त्यानं स्वतःच..."

"त्यानं विश्वास ठेवला. माझ्यावर."

जळका वास आला. खाली बघते तर कोटाच्या बाहीवर इस्त्रीचा तपकिरी डाग, स्पष्ट, टोकदार. साठ वर्षं मी इस्त्री करतेय. माझ्या हातून कपडा कधी भाजला नव्हता.

"राहू दे आजी," पोरगा घाईनं म्हणाला. "लांबून दिसत नाही."

"दिसतं," मी म्हणाले. "सगळं दिसतं. आणि पुन्हा ते भिंग लावून माझ्या दुकानात येऊ नकोस."

संध्याकाळी मुलानं डाग बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "त्या पोरट्यानं बडबडून लक्ष घालवलं." चूक माझी, असं म्हणायची माझ्या जिभेला सवयच नाही.

*

प्रयोगाच्या आदल्या दिवशी भिंगरी नवा अभ्रा घेऊन माझ्या खोलीत आली. सोबत तांबडं रीळ, निळं रीळ.

"आजी, खूण तू घाल."

"तुला येत नाही? मी शिकवलीय की."

"येते. पण तू घाल. उद्या मला हातात खरी हवी."

मी चष्मा लावला. सुई ओवली. तांबडा, तांबडा, निळा. डोळे मिटून करायचं काम. दोरा तोडला, अभ्रा तिच्याकडे टाकला आणि चष्म्याच्या घरात चष्मा ठेवायला लागले.

ती बोलली नाही. मला वाटलं, झालं सुरू नाटक.

"आता काय? तीन आकडे मोजतेयस?"

"आजी, गाठ बाहेर राहिलीय."

मी अभ्रा हातात घेतला. मोहरीच्या दाण्याएवढी. माझ्या बोटांनी ती कधी केली, देवाशपथ मला कळलं नाही. ही बोटं साठ-पासष्ट वर्षं गाठ आत सरकवतायत, झोपेतसुद्धा चुकायची नाहीत. उसवायला अर्धं मिनिट लागलं असतं. सुई अजून उशीला टोचलेली होती.

"राहू दे," मी म्हणाले.

"मी सहा वर्षांची असताना अशी गाठ बाहेर ठेवली म्हणून तू माझ्या हातावर पट्टी मारली होतीस."

"नाटकातला अभ्रा आहे. कोण बघणार आहे तो?"

ती थांबली. या वेळी मला कळलं, हे सरांनी शिकवलेलं थांबणं नव्हतं.

"मी," ती म्हणाली. आणि अभ्रा घडी करून घेऊन गेली.

मी दार लोटून घेतलं. मग ट्रंकेतलं गाठोडं काढलं, त्यातला अभ्रा बाजूला घेतला आणि माझ्या पिशवीत तळाशी ठेवला. का ठेवला, विचाराल तर मला सांगता यायचं नाही. पिशवी उचलली तर जड लागली. एक अभ्रा, त्याचं वजन ते काय!

*

प्रयोग दुपारी चारला. सभागृह गच्च. मुलगा नव्या शर्टात, सूनबाई शेजारी, मी मधल्या खुर्चीत, पहिल्याच रांगेत. पिशवी मांडीवर.

पडदा वर गेला. पोरांनी कोर्ट फार हुबेहूब उभं केलं होतं. उंच खुर्ची, कठडा, खालचं कारकुनाचं टेबल. फक्त खऱ्या कोर्टाला शाईचा आणि ओल्या भिंतीचा वास होता. आणि ते स्टूल एका पायानं डगमगत होतं. यांचं स्टूल पक्कं होतं.

घड्याळजी आला. बाहीवर डाग. लांबून दिसत होता, मी म्हटलं नव्हतं का! पण तो डाग मला इस्त्रीचा वाटेना. कोट बाजूला राहिला, मला त्या माणसाची मान दिसायला लागली. पुढे वाकलेली, कामाची सवय असलेल्या माणसाची. खाली बघून, अगदी बारीक वस्तू बघत असल्यासारखी.

मग भिंगरी स्टुलावर चढली. दोन वेण्या, हात कठड्यावर. माझे हात असेच होते, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

कारकुनानं अभ्रा दिला. तिनं कोपरा उलटला. बोट फिरवलं. गाठीवर थांबवलं.

"बाळ," वकील झालेला मुलगा म्हणाला, "इतक्या घरांच्या इतक्या खुणा. एखादी चुकत असेल की नाही?"

मागे लोक हसले. अगदी तसेच.

भिंगरी थांबली. एक. दोन. तीन. माझा मुलगा शेजारच्या खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या पाटीवरचं वाक्य यायचं होतं. चार. पाच. विंगेतून कुणीतरी हळूच सांगितलं, "आमच्या घरची..." तिनं ऐकलंच नाही. सात, आठ. पुन्हा विंगेतून, जरा मोठ्यानं. मागून एक पोरगी कुजबुजली, "विसरली वाटतं गं." मुलगा दातावर दात ठेवून म्हणत होता, "बोल ना, बोल ना."

मी मनात म्हणत होते, थांब. भिंगरे, थांब. अजून थांब. बोलूच नकोस.

तिनं बोट गाठीवरून उचललं नाही. न्यायाधीशांकडे बघितलं नाही, वकिलाकडे नाही. अभ्र्याकडे बघत, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आमच्या घरची खूण चुकत नाही."

कुणी हसलं नाही. एक टाळी वाजली नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात त्या उंच मुलानं मान हलवली, हळूच, पटलं म्हणून. मी पिशवी घट्ट धरली.

पुढचं मला नीट आठवत नाही. शिक्षा झाली, पडदा पडला, दिवे लागले. सगळी मुलं रांगेत येऊन वाकली. सर माइकवर आले. हसत होते, पण कानशिलं तांबडी झाली होती. "आज आमच्या एका कलाकाराचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य जरा उशिरा पोचलं," ते म्हणाले, "तर त्याबद्दल माफी. पण त्या वाक्याच्या मूळ मालकीणबाई आज आपल्यात आहेत!"

टाळ्या आता वाजल्या. भिंगरीचं तोंड उतरलेलं. तरी ती पायऱ्या उतरून आली आणि मला हात दिला. तिचा हात गार होता.

वर गेल्यावर कुणीतरी फुलं दिली. सरांनी माइक माझ्या तोंडासमोर धरला. "आजी, सांगा, नातीनं तुमची भूमिका कशी केली? दहापैकी किती गुण?"

मी फुलं कारकुनाच्या टेबलावर ठेवली. तिथंच तो अभ्रा पडला होता. पिशवीत हात घालून मी दुसरा अभ्रा काढला आणि त्याच्याशेजारी पसरला. जुना, धुऊन धुऊन विरलेला, पण कडक इस्त्रीचा. लोकांना वाटलं असेल, नाटकाचाच काही भाग आहे.

"हा घड्याळजीचा," मी म्हणाले. माइकमुळे माझा आवाज मागच्या भिंतीवरून परत माझ्याकडे आला. "अडुसष्ट वर्षं न नेलेला. ही खूण माझ्या आईनं घातली, हिची गाठ आत आहे. त्या वेळी कोर्टात माझ्या हातात दिला होता त्याची गाठ बाहेर होती. अशी. ती माझी. तो अभ्रा लॉजचा होता. निळा दोरा संपला म्हणून मी खूण उलटी घातली होती. आणि हे मला पिंजऱ्यात उभी असतानाच कळलं होतं."

पहिल्या रांगेत माझा मुलगा उभा राहिला. "आई," एवढंच म्हणाला, आणि बसायचं विसरला. सूनबाईनं तोंडावर हात घेतला. सर गोंधळून म्हणाले, "म्हणजे... आजी, म्हणजे तुम्ही..."

मी माइक हातानं बाजूला केला. जे सांगायचं होतं ते सभागृहाला सांगायचं नव्हतं. उंच मुलगा भिंग हातात घेऊन उभा होता, डाग पडलेली बाही लपवत. भिंगरी माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले, ओठ मिटलेले. काही विचारत नव्हती. थांबली होती.

मी तिच्या दोन्ही वेण्या पुढे घेतल्या, नीट केल्या आणि म्हणाले, "तू चुकली नाहीस गं. सर काहीही म्हणू देत. तू थांबलीस. मी थांबले नव्हते. तू जेवढी थांबलीस त्याच्या निम्मी जरी मी थांबले असते, तर हा अभ्रा न्यायला तो माणूस स्वतः आला असता."